एका आकड्यावर चार हात

"ताई, हे मशीन दिवसभर माल काढतंय, आणि तुमच्या कागदावर ते मेलंय?"

हा प्रश्न मला दर सप्टेंबरात ऐकावा लागतो. विचारणारे गृहस्थ चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतले, हिंदुस्तान नाक्यावरून आत वळल्यावर लागणाऱ्या एका गाळ्याचे मालक. बाटल्यांची झाकणं करतात. त्यांच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे हिशेब मी लिहिते. सही सीए करतात, पण कुठला आकडा कुठून आला हे शेठ मलाच विचारतात. एप्रिल २००८मध्ये त्यांनी दहा लाखांना एक इंजेक्शन मोल्डिंग मशीन घेतलं. मार्च २०२३ला त्याची पुस्तकातली किंमत पन्नास हजारांवर येऊन थांबली आणि आजही तिथेच आहे. मशीन मात्र थांबलेलं नाही. खाडीच्या वाऱ्यानं त्याच्या पायांना गंज चढलाय, दोनदा हीटर बदलून झालेत, पण झाकणं पडताहेत.

शेठना मी दर वर्षी थोडक्यात काहीतरी सांगून सुटते. पूर्ण उत्तर द्यायचं तर १८५४पासून सुरुवात करावी लागेल, आणि ते चहाच्या एका कटिंगमध्ये बसत नाही.

त्याआधी आमच्या लालबागच्या चाळीतला पाटा-वरवंटा. वर्षातून दोन-तीनदा 'टाकीऽऽय' अशी हाळी यायची आणि छिन्नी-हातोडी घेतलेली बाई गॅलरीत येऊन बसायची. पाट्यावर टाचे मारून द्यायची, आई तिच्या हातावर पैसे ठेवायची, आणि त्या दिवशीची चटणी बारीक व्हायची. ते पैसे म्हणजे दुरुस्ती. ज्या वर्षी दिले त्या वर्षीचा खर्च, विषय संपला. पण टाकीच्या प्रत्येक घावाबरोबर दगडाचा भुगा उडायचा, त्याचं काय? आजीच्या वेळी चार बोटं जाड असलेला पाटा माझ्या वेळी दोन बोटांवर आला होता. त्या भुग्याचे पैसे कुणी कुणाला दिले नव्हते, तरी पाटा तेवढा कमी झाला होता. या भुग्याला हिशेबात जागा देणं म्हणजे घसारा. आमच्या धंद्यात सगळे 'डेप्रिसिएशन मारणं' म्हणतात. मला घसारा हाच शब्द आवडतो, त्यात दगडाचा आवाज आहे.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण तो शिकलेल्या माणसांनाही असतो. बाजारात वस्तूची किंमत किती उतरली ते घसारा सांगत नाही. दहा लाख एकदाच गेले, पण त्या मशीननं काम पंधरा वर्षं केलं. तेव्हा दहा लाखांचा बोजा पंधरा वर्षांवर वाटायचा, एवढंच ते काम. भंगारात काही येईल म्हणून पाच टक्के बाजूला ठेवायचे, उरलेल्या साडेनऊ लाखांना पंधरानं भागायचं, की वर्षाला ६३,३३३ रुपये. शाळेच्या पुस्तकात याला स्थिर प्रभाग पद्धती म्हणतात. कल्पना जुनी आहे. सामाईक भिंतीची किंमत ठरवताना भिंतीच्या वयाच्या दर वर्षामागे ऐंशीवा भाग वजा करावा, असं रोमन वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हियसनं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे.

शेठच्या मशीनचा भागाकार मात्र एवढा सरळ झाला नाही. २००८ साली कंपनी कायद्याच्या चौदाव्या परिशिष्टात सर्वसाधारण यंत्राचा दर ४.७५ टक्के होता, म्हणजे आयुष्य वीस वर्षांचं. सहा वर्षं मी ४७,५०० रुपये लिहीत गेले. १ एप्रिल २०१४पासून नवा कंपनी कायदा लागू झाला, दुसरं परिशिष्ट आलं आणि त्यात त्याच यंत्राचं आयुष्य पंधरा वर्षं ठरलं. ३१ मार्चला रात्री गाळ्याचं शटर ओढलं तेव्हा मशीनची चौदा वर्षं उरली होती. सकाळी उघडलं तेव्हा नऊ. उरलेल्या ७,१५,०००पैकी पन्नास हजार सोडून बाकीचे नऊ वर्षांत बसवायचे, म्हणून घसारा वर्षाला ७३,८८९ झाला. त्या रात्री मशीनमधला एक स्क्रूसुद्धा झिजला नव्हता.

"मग हे ठरवतं कोण?" शेठनी तेव्हा विचारलं होतं. मुंबईत याची शंभर-दीडशे वर्षं भांडणं झाली आहेत.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली, १८५६मध्ये ताडदेवला ती सुरू झाली. तोवर या शहरातला पैसा पेढीवरचा होता. माल यायचा, विकला जायचा, उधारी वसूल व्हायची, दिवाळीला वही बदलायची. गिरणीनं या हिशेबात एक नवाच पाहुणा आणला. तो लँकेशायरहून बोटीनं यायचा, येताना भांडवलाचा मोठा भाग खाऊन टाकायचा, आणि मग तीस-चाळीस वर्षं जागेवरून हलायचा नाही. रोजमेळात त्याची नोंद एका दिवसाची, आणि झीज पुढच्या प्रत्येक दिवसाची.

१८५७च्या कायद्यानं भागधारकांची जबाबदारी मर्यादित झाली. कंपनी बुडाली तर धनको भागधारकाच्या घरादाराला हात लावू शकत नव्हता. त्याला आधार एकच, तो म्हणजे कंपनीतलं भांडवल. म्हणून नियम आला की लाभांश नफ्यातूनच वाटायचा, भांडवलातून नाही. वाचायला सोपा नियम. पण यंत्राची झीज वजा न करता दाखवलेला नफा हा नफा म्हणायचा की भांडवलाचाच तुकडा? इंग्लंडमध्ये १८८९ साली न्यूशाटेल अॅस्फाल्ट कंपनीच्या खटल्यात हा प्रश्न आला. कंपनीकडे डांबराच्या खाणीचा ठरावीक मुदतीचा हक्क होता, दर वर्षी तो हक्क आटत होता. न्यायालयानं सांगितलं की आटणाऱ्या मालमत्तेची भरपाई केल्याशिवाय लाभांश वाटू नये, असं काही कायदा म्हणत नाही. इंग्रजी कायद्याच्या छायेत चालणाऱ्या मुंबईत मग घसारा ही संचालकांच्या मर्जीची गोष्ट राहिली. तेजीत विसरायचा आणि मंदीत आठवायचा.

हा पहिला हात, भागधारकाचा. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत मुंबईच्या गिरण्यांनी भरघोस लाभांश वाटले. काही वर्षांतच जपानी कापड आलं, आणि याच गिरण्या सर फ्रँक नॉइस यांच्या टॅरिफ बोर्डापुढे संरक्षण मागायला उभ्या राहिल्या. बोर्डाचा अहवाल १९२७चा. घसारा लिहिल्याशिवाय लाभांश नाही, हे बंधन कायद्यात यायला मात्र १९६० साल उजाडलं. १९५६च्या कंपनी कायद्यात तेव्हा दुरुस्ती झाली. दावरांची गिरणी सुरू होऊन एकशेचार वर्षं झाली होती.

दुसरा हात मॅनेजिंग एजंटचा. गिरणी कंपनीची असायची, पण चालवायची एजंटाची पेढी. जुन्या करारांत एजंटाचं कमिशन उत्पादनावर असे, रतलामागे पाव आणा. सूत विको न विको, गिरणी फायद्यात असो की तोट्यात, चाती फिरली की एजंटाचा पाव आणा सुटला. जमशेटजी टाटांनी कुर्ल्याच्या स्वदेशी मिलमध्ये हा रिवाज मोडून नफ्यावर कमिशन घ्यायला सुरुवात केली. हळूहळू इतरांनाही तिकडे वळावं लागलं. पण 'नफा' या शब्दात पळवाट होती. अनेक करारांत कमिशन घसारा वजा करण्याआधीच्या नफ्यावर मोजलं जाई. यंत्र झिजवण्याचा फायदा एजंटाला आणि झिजलेलं यंत्र कंपनीला. १९३६ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन ठरलं की एजंटाचा मेहनताना निव्वळ नफ्यावरच मोजायचा, आणि निव्वळ म्हणजे घसारा वजा करून. ही मॅनेजिंग एजन्सीची पद्धतच ३ एप्रिल १९७०ला बंद झाली.

तिसरा हात सरकारचा. १९२२च्या प्राप्तिकर कायद्यानं घसाऱ्याची वजावट दिली, ती मूळ किमतीवर. १९३९ची दुरुस्ती आली आणि हिशेब घटत्या शिलकीवर गेला. आमच्या भाषेत डब्ल्यूडीव्ही. दहा लाखांच्या यंत्रावर आजच्या पंधरा टक्क्यांनी पहिल्या वर्षी दीड लाख, दुसऱ्या वर्षी उरलेल्या साडेआठ लाखांवर १,२७,५००, तिसऱ्या वर्षी १,०८,३७५. सुरुवातीला मोठा घास, पुढे लहान लहान, आणि शून्य कधीच नाही. भर समुद्रात जाणारी जहाजं तेवढी या नियमातून वगळली, त्यांना मूळ किमतीवरच ठेवलं. १९८८-८९च्या करनिर्धारण वर्षापासून तर प्राप्तिकराच्या वहीत एकेकटं यंत्र दिसेनासं झालं. एका दराची सगळी यंत्रं मिळून एक 'ब्लॉक'. शेठचं मशीन त्या ब्लॉकमध्ये विरघळून गेलं आहे, त्याची कराच्या पुस्तकातली स्वतंत्र किंमत विचारली तर मलाही सांगता येणार नाही. एकाच मशीनचे दोन घसारे, एक कंपनी कायद्याचा, एक कराचा. त्यांच्या फरकापोटी ताळेबंदात 'डिफर्ड टॅक्स' नावाची ओळ येते, जी वाचून भागधारक पान उलटतात.

"ताई, मग जास्त मारा ना डेप्रिसिएशन, टॅक्स वाचेल," असं मला प्रत्येक गाळ्यात ऐकायला मिळतं. आणि त्याच गाळ्याचा मालक बँकेत कर्ज मागायला निघाला की म्हणतो, "या वर्षी जरा कमी दाखवा." आकडा एकच. करासाठी तो फुगायला हवा, कर्जासाठी आकसायला हवा.

चौथा हात माझ्या घरातला आहे.

माझे वडील, अण्णा, साचेवाले होते. गिरणगावात साचा म्हणजे माग. गिरणीचं नाव सांगत नाही, ती आता नाही आणि तिची बाजू मांडायला कुणी उरलेलं नाही. मी सातवीत असताना एका संध्याकाळी त्यांनी खिशातून बिडीच्या बंडलाचा कागद काढला. त्यावर पेन्सिल आडवी घासून त्यांनी साच्याच्या बिडाच्या अंगावरची उठावाची अक्षरं उतरवून आणली होती. "वाच बघू," म्हणाले, "तुला इंग्रजी येतं." पेन्सिलीच्या करड्या पट्ट्यात पांढरी अक्षरं होती, ब्लॅकबर्न आणि खाली १९१३. मी वाचून दाखवलं. अण्णा थोडा वेळ बोटांवर काही मोजत राहिले. मग म्हणाले, "माझ्या बापाच्या वयाचा आहे."

त्या कागदाचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला, फोर्टमधल्या एका सीएच्या ऑफिसात ज्युनिअर म्हणून लागल्यावर. जुन्या निवाड्यांच्या जाडजूड पुस्तकांवरची धूळ झटकायचं काम माझ्याकडे होतं. त्यातल्या एकात मुंबईची मिल ओनर्स असोसिएशन आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्यातला १९४९च्या बोनसचा वाद सापडला. लेबर अपेलेट ट्रिब्युनलनं १९५० साली त्यात निकाल दिला, आणि बोनस कसा मोजायचा याचं सूत्र देशाला गिरणगावातून मिळालं. सूत्र असं: ढोबळ नफा घ्या. त्यातून आधी घसारा काढा. मग कर काढा. भागभांडवलावर सहा टक्के काढा. खेळत्या भांडवलावर त्याहून कमी दरानं परतावा काढा. यंत्रांच्या पुनर्वसनासाठी राखीव रक्कम काढा. एवढं करून काही उरलं तर त्यात कामगाराचा वाटा.

म्हणजे साच्याची झीज आधी, साचेवाल्याची दिवाळी नंतर.

पुनर्वसनाची ही वेगळी रक्कम का, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण घसाऱ्याची मर्यादा तिथेच दिसते. घसारा मूळ किमतीवर चालतो. दुसऱ्या महायुद्धाआधी शंभर रुपयांना आलेला साचा पूर्ण झिजेपर्यंत वहीत शंभर रुपये जमतात. पण युद्धानंतर नवा साचा शंभरात मिळेना. मधली तूट कोण भरणार? मालक म्हणाले, नफ्यातून. कामगार म्हणाले, म्हणजे आमच्या बोनसमधून. १९५९ साली असोसिएटेड सिमेंट कंपन्यांच्या खटल्यात हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि साताऱ्याचे न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी निकालपत्र लिहिलं. सूत्र त्यांनी कायम ठेवलं. पण करसवलत म्हणून मिळणारा जादा घसारा बोनसच्या हिशेबात चालणार नाही, तिथे नेहमीच्या झिजेचाच आकडा धरायचा, हेही त्यात पक्कं झालं. पुढे १९६५चा बोनस कायदा आला, त्यात पुनर्वसनाची वजावट गेली. घसाऱ्याची राहिली, ती आजही आहे.

यातलं काहीच अण्णांना माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की दर दिवाळीच्या आधी यंत्रांच्या नावानं काहीतरी कापलं जातं, आणि त्यांच्या समोरचा साचा १९१३चा आहे. १९१३चा साचा म्हणजे घसारा केव्हाच लिहून संपलेला. नव्या साच्यासाठी म्हणून बाजूला काढलेली रक्कम कुठे गेली ते मला ठाऊक नाही. नवा साचा त्यांच्या खात्यात शेवटपर्यंत आला नाही, एवढं ठाऊक आहे.

हिशेब लिहिणारी म्हणून मला इथे एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते. घसारा लिहिल्यानं पैसे साठत नाहीत. ती फक्त नोंद असते, नफा-तोटा पत्रकातली एक वजाबाकी. त्या दिवशी तिजोरीतून काही बाहेर जात नाही आणि आतही काही येत नाही. घसारा एवढंच करतो की तेवढी रक्कम नफा म्हणून वाटू देत नाही. म्हणून ती कंपनीत राहते. राहिलेल्या रकमेचं काय करायचं, नवा साचा आणायचा, दुसऱ्या शहरात दुसरा धंदा काढायचा की व्याजानं द्यायची, हे नोंदीच्या हातात नाही. वही रखवालदार आहे, सुतार नाही.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, अण्णाही. आदल्या दिवाळीच्या बोनसवरून पेटलेलं भांडण ते. अण्णा परत आत गेले नाहीत. गिरण्या बंद पडत गेल्या तशी ताळेबंदातली एक ओळ, जिच्याकडे कुणी कधी लक्ष दिलं नव्हतं, पुढे आली. जमीन. जमिनीला घसारा नसतो. ती झिजत नाही, म्हणून पुस्तकात शंभर वर्षांपूर्वीच्या खरेदीच्या किमतीला पडून राहते. साचे, बॉयलर, चिमणी सगळं शून्यावर उतरलं, आणि ज्या जागेवर ते उभं होतं ती सोन्याची निघाली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमानं गिरण्यांच्या जमिनींची वाट खुली झाली. पुढचं परळ-लोअर परळला जाऊन मान वर करून बघता येतं.

मी तोवर चारकोपला आले होते. जागतिक बँकेच्या मदतीनं १९८५ साली मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. म्हाडानं चारकोप, गोराई, मालवणीसारख्या ठिकाणी रस्ते, पाणी, गटारं करून लहान लहान प्लॉट पाडले. मधे मोकळं अंगण, भोवती घरं, आणि त्यांची मिळून एक सोसायटी. घर ज्यानं त्यानं आपापल्या ऐपतीनं बांधायचं. माझ्या सासऱ्यांना असा प्लॉट लागला. जमीन मात्र पट्ट्यावर, मालकी म्हाडाची.

इथे येऊन मी घसाऱ्याचा दुसरा धडा शिकले. जमीन झिजत नाही हे खरं, पण जमिनीवरचा हक्क झिजतो. एमआयडीसी कारखान्याला भूखंड देते तो ९५ वर्षांच्या पट्ट्यावर. पट्ट्यासाठी भरलेली रक्कम कंपनीनं दर वर्षी पंचाण्णवावा भाग अशी खर्ची टाकायची. जमिनीतलं मातीचं ढेकूळसुद्धा कमी होत नाही, कमी होतात ती वर्षं. हात लावता येत नाही अशा हक्काच्या झिजेला आम्ही अमॉर्टायझेशन म्हणतो. पेटंट, सॉफ्टवेअरचा परवाना, ब्रँड, सगळे याच पंगतीतले.

सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे. २००४ साली एमएसआरडीसीनं तिथला टोल वसूल करायचा हक्क एका खासगी कंपनीला पंधरा वर्षांसाठी ९१८ कोटी रुपयांना दिला. रस्ता कंपनीचा नव्हता, काँक्रीटचा एक खडाही नव्हता. कंपनीची मालमत्ता म्हणजे फक्त पंधरा वर्षं. सरळ भागाकार केला तर वर्षाला ६१ कोटी २० लाखांची झीज. पण पहिल्या वर्षी गाड्या कमी आणि पंधराव्या वर्षी जास्त, मग झीज सारखीच का? म्हणून २०१२ साली केंद्र सरकारनं टोल रस्त्यांसाठी मुभा दिली की उत्पन्नाच्या प्रमाणात खर्च टाकला तरी चालेल. सुरुवातीला कमी, शेवटी जास्त. प्राप्तिकराच्या घटत्या शिलकीचं बरोबर उलटं.

ख्यातीचं, म्हणजे गुडविलचं, तर आणखी गमतीदार. धंदा विकत घेताना त्याच्या नावासाठी मोजलेले जादा पैसे झिजतात की वाढतात? २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, झिजतात, करात वजावट द्या. २०२१च्या अर्थसंकल्पानं सांगितलं, नाही झिजत, वजावट बंद. नऊ वर्षं या देशातली ख्याती झिजत होती, मग झिजायची थांबली.

वाचकांपैकी कुणाकडे शेअर असतील तर कंपनीचा अहवाल आल्यावर एक करा. मालमत्तेच्या तपशिलाची टीप काढा. त्यात मूळ किंमत असते आणि आजवर साचलेला घसारा असतो. दुसऱ्या आकड्यानं पहिल्याला जवळजवळ गाठलं असेल तर समजा, कंपनी जुन्या साच्यांवर चालली आहे, नव्या खर्चाची वेळ जवळ आली आहे. मग रोख प्रवाहाच्या पत्रकात जा. तिथे घसारा नफ्यात परत मिळवलेला दिसेल, कारण तो रोखीनं गेलाच नव्हता. त्याच पानावर खाली नवी यंत्रं घ्यायला किती खर्च झाला ते असतं. हे दोन आकडे वर्षानुवर्षं शेजारी ठेवून बघा. साचेखात्यात काय चाललंय ते कळेल. आणि अध्यक्षांच्या भाषणात 'ईबीआयटीडीए' हा शब्द आला की जरा थांबा. व्याज, कर, घसारा आणि अमॉर्टायझेशन वजा करण्याआधीचा नफा म्हणजे तो. दोन कंपन्या ताडून बघायला त्याचा उपयोग आहे. पण वरिष्ठांचा बोनस त्या आकड्यावर ठरला, की १९३६ साली ज्या दारातून एजंटाला बाहेर काढलं त्याच दारातून तो सूटबूट घालून परत आलाय असं मला वाटतं.

चारकोपच्या गाळ्यांत साचा हा शब्द मला पुन्हा भेटला. इथे प्लॅस्टिकच्या मोल्डला जुने कारागीर साचा म्हणतात. नव्वदच्या दशकात एका गाळ्यात ऑडिओ कॅसेटच्या डब्या निघायच्या. पोलादी साचा, आरशासारखा घासलेला, शंभर वर्षं टिकला असता. सीडी आली आणि दोन वर्षांत डब्यांची ऑर्डर बंद झाली. साच्यावर ओरखडा नव्हता आणि त्याचं मोल भंगाराएवढं होतं. माझ्या वहीत तेव्हाही त्याची अकरा वर्षं शिल्लक होती. ते एकदम पुसून टाकताना मालक माझ्याकडे असा बघत होता, जणू कॅसेट मीच बंद केल्या. अण्णांचा साचा वहीत मेलेला होता आणि खात्यात चालत होता. हा वहीत जिवंत होता आणि गाळ्यात मेलेला. यंत्राचं आयुष्य दगडासारखं नुसतं झिजून संपत नाही, कधी बाहेरचं जग ते संपवतं. वहीला ते उशिरा कळतं.

सोसायटीची खजिनदार म्हणून मला दर वार्षिक सभेत सिंकिंग फंडावरून बोलणी खावी लागतात. उपविधी सांगतात, बांधकामाच्या खर्चाच्या वर्षाला पाव टक्का. "एवढीशी रक्कम कशाला गोळा करता?" आणि "एवढी रक्कम पडून कशाला?" हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाकडून येतात. मी सांगते, कंपनीत घसारा लिहितात आणि पैसे दुसरीकडे वापरून मोकळे होतात. इथे पैसे खरोखर बँकेत जातात. पत्रा गळला की नोंद पुढे करून पाणी थांबत नाही.

यंदा शेठनी तोच प्रश्न विचारला तेव्हा मी उलट विचारलं, "पंधरा वर्षांत मी साडेनऊ लाख घसारा लिहिला. तेवढे तुम्ही नफा म्हणून घेतले नाहीत, म्हणजे गाळ्यातच राहिले. आहेत कुठे?"

ते काही बोलले नाहीत. मग हनुवटीनं कोपऱ्यातल्या दुसऱ्या, लहान मशीनकडे खूण केली. "ते सतराला घेतलं, निम्मे त्यात असतील." उरलेल्या निम्म्यांसाठी ते बोटांवर मोजत राहिले, अण्णा मोजायचे तसे. वरचा पत्रा बदलला होता. लॉकडाऊनमध्ये सहा पोरांना तीन महिने पगार दिला होता. एका पार्टीनं पैसे बुडवले होते. बोटं संपली, हिशेब जुळला नाही.

"नवीन केवढ्याला येतं आता?" मी विचारलं.

त्यांनी आकडा सांगितला. दहा लाखांच्या दुपटीहून वर होता. १९५० साली गिरणगावात ज्या तुटीवरून भांडण झालं ती तूट आमच्या दोघांच्या मधे टेबलावर येऊन बसली. इथे तिचा निवाडा करायला ट्रिब्युनल नव्हतं. शेठ उठले, झाकणांचा क्रेट बाजूला सरकवला आणि मशीनच्या पायाला ग्रीस लावू लागले. मी रजिस्टर उघडलं आणि मशीनच्या पुढे या वर्षीही पन्नास हजार लिहिले.